सांगलीचा चंद्र

बाबांच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात सकाळचे टोस्ट दिसले आणि मी वाकून ते बाहेर काढले. कागदी नॅपकिनमध्ये नीट घडी घालून गुंडाळलेले दोन टोस्ट, सोललेलं उकडलेलं अंडं आणि अख्खं केळं. म्हणजे या माणसानं सकाळपासून एक घासही खाल्ला नव्हता. आणि न्याहारीच्या टेबलावर साखर उतरवणारी गोळी मीच त्यांच्या तळहातावर ठेवली होती. माझ्यादेखत त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली. मग "इथे सिगरेटचा फार धूर आहे, मी खोलीत जाऊन खातो," म्हणून बशी घेऊन गेले, आणि थोड्या वेळानं दारातूनच "गावात फेरी मारून येतो ग," असं सांगून बाहेर पडले. जेवायच्या आत येणार होते. जेवणाची वेळ टळून गेली होती.

मी डॉक्टर आहे. पुढे काय होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं. मधुमेही माणसानं ती गोळी घेतली आणि अन्न घेतलं नाही, तरी गोळी आपलं काम करत राहते. रक्तातली साखर उतरत जाते. आधी घाम सुटतो, मग हात थरथरतात, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडतो. त्या काळच्या काही गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकायचा, आणि बाबांची गोळी त्यांतलीच होती. त्यात हा माणूस चालत सुटलेला. चालण्यानं साखर आणखी उतरते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहायचो. माझा नवरा एका रिसर्च लॅबमध्ये होता, मी हॉस्पिटलमध्ये. आई गेली त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. बाबा सांगलीला एकटेच राहात होते, स्वतःच्या हातचा भात खात होते आणि पत्रांतून "माझं उत्तम चाललं आहे" असं कळवत होते. त्या उत्तमवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, म्हणून मी त्यांना हट्टानं घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. देव, उपास, मुहूर्त यांची टर उडवण्यात त्यांचा हात धरणारा सांगलीत कुणी नव्हता. आई दर संकष्टीला दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायची आणि चंद्र उगवला की मगच जेवायची, तेव्हा हे समोर बसून कांदाभजी मागायचे.

नवऱ्याची बॉस्टनजवळ कसली तरी मीटिंग होती. शनिवार-रविवार जोडून आम्ही किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात मोटेल घेतलं. गाव नावाला मॅसॅच्युसेट्समध्ये, बाकी अख्खं इटलीचं. यांचे आजे-पणजे सिसिलीहून आले ते येताना गल्लीबोळ, अंजिराची झाडं आणि भांडणाचा सूरही घेऊन आले असावेत. बंदराच्या बाजूला टूरिस्टांसाठी फ्राइड क्लॅम्स, म्हणजे तळलेल्या शिंपल्या, आणि टीशर्टची दुकानं होती. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "गावाचं तोंड सगळ्यांनाच दाखवतात," ते म्हणायचे, "आपण पाठ बघावी." कुठल्याही नव्या गावात गेलं की देऊळ, किल्ला सोडून हे मागच्या गल्ल्यांत शिरायचे. लहानपणी यापायी मी कितीदा रडलेय.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच त्या पाठीवर हिंडलो होतो. पाटी नसलेली एक बेकरी आम्हाला सापडली. तिथे गिऱ्हाईकं मागच्या दारानं शिरत आणि भट्टीवरच्या बाईशी गप्पा मारत उभी राहत. बाबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला, तिनं त्यांना गरम पावाचा तुकडा दिला. तिथून पुढे एका आवारात जाळी विणायला बसलेली माणसं होती. विज्ञानाचे मास्तर त्यांच्यापुढे उकिडवे बसून गाठ कशी मारतात ते बघत राहिले. दोन गोदामांच्या फटीतून खाली उतरलं की एक चिमुकला किनारा होता, पालथ्या होड्यांनी भरलेला. आणि शेवटी टेकडीवर चढणारा, घरांच्या मधून गेलेला दगडी जिना. जिन्याच्या मध्यावर एका घराचं परसू होतं. तिथे जुना बाथटब उभा करून अर्धा जमिनीत पुरला होता, आतून निळा रंग दिला होता आणि त्या कमानीत मेरीची मूर्ती ठेवली होती. पुढे काचेच्या पेल्यात दिवा जळत होता.

"देवीच्या आंघोळीची छान सोय झाली," बाबा म्हणाले. मी हसले. पण ते तिथून हलेनात. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "दिवा रोज लावत असतील का ग?"

"मला काय माहीत बाबा! चला, माझे पाय दुखतायत."

"वर कुठे जातो हा जिना ते राहिलं."

"उद्या बघू."

हे सगळं मला टोस्ट हातात धरून आठवत होतं. नवरा दारात उभा होता.

"रिलॅक्स ग. वॉकला गेलेत, येतील. कुठेतरी काहीतरी खाल्लं असेल त्यांनी."

"कुठे? एकटे असले की बाहेर ते चहासुद्धा घेत नाहीत. आणि खायचंच होतं तर हे फेकलं कशाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती नवऱ्यावर होती, बाबांवर होती आणि त्या गुंडाळीच्या नीट घडीवर तर सर्वांत जास्त होती. ज्यानं घडी घातली त्याला ठाऊक होतं तो काय लपवतोय.

नवरा शहाणा आहे. तो वाद घालत बसला नाही. "मी कार घेऊन कोस्ट रोड बघतो, मग पोलिसांकडे जातो. मोटेलवाल्याला सांगून ठेवतो, ते परत आले तर त्यांना आधी ज्यूस दे म्हणून."

"गल्ल्यांत कार जात नाही. तिथे मी जाते."

न्याहारीच्या खोलीत साखरेच्या पुड्या ठेवलेल्या असत. मी मूठभर उचलल्या, पर्समध्ये कोंबल्या आणि पळत सुटले.

बेकरी आधी. मागच्या दारातून आत गेले. भट्टीवरच्या बाईनं मला ओळखलं, साडी नेसून आदल्या दिवशी आले होते ना! तो टोपीवाला म्हातारा? नाही, आज आला नाही. तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं आणि हातातला पाव तसाच धरून ती बाहेर आली, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघून इटालियनमध्ये काहीतरी ओरडली. दोन खिडक्यांतून दोन डोकी बाहेर आली. दोघींनी माना हलवल्या.

जाळ्यांच्या आवारात शनिवारची सुट्टी असावी. एकटाच एक माणूस सिगरेट ओढत बसला होता. हो, सकाळी दिसला होता, तो म्हणाला. लवकर. पाण्याच्या बाजूला उतरत होता.

पाण्याच्या बाजूला. त्या फटीतून मी खाली कशी उतरले ते मला आठवत नाही, हात खरचटल्याचं नंतर कळलं. किनारा रिकामा होता. ओहोटीचं पाणी खडकांतून मागे सरत होतं. मी प्रत्येक होडीमागे जाऊन बघितलं. एकेका होडीच्या आड वाकताना वाटायचं, आता दिसतील, पालथे पडलेले दिसतील. खडकांपलीकडे पाण्यात काहीतरी करडं तरंगत होतं, बाबांच्या टोपीसारखं. चपला न काढताच मी पाण्यात शिरले. ते शेवाळ होतं.

तिथे एका होडीला टेकून मी उभी राहिले. रडू येत होतं आणि रडण्याचा मला रागही येत होता. हॉस्पिटलात दिवसभर नातेवाइकांना मीच सांगत असते, घाबरू नका, नीट आठवा, पेशंटनं काय खाल्लं, कधी खाल्लं. मग मी स्वतःलाच तेच सांगितलं. नीट आठव.

का खाल्लं नाही? पोट बिघडलं होतं? तसं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, पोटाचं गाऱ्हाणं ते मोठ्यानं करतात. नाही, पण गेल्या महिन्यात एक दिवस ते मोठ्यानं केलं नव्हतं. "पोट जड आहे, आज काही नको," एवढंच म्हणून खोलीत बसून राहिले होते. रात्री मात्र चांगले जेवले. तेव्हा सकाळी मी ड्यूटीवर होते, आणि त्या दिवशी गोळी घ्यायला विसरलो, असं त्यांनी नंतर कबूल केलं होतं. त्याच्या आदल्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हाही पोट जड. तेव्हाही रात्री जेवण. महिन्यातून एकदा. एक दिवस. दिवसभर नाही, रात्री हो.

आमच्या शेजारच्या काकूंकडे मंगळवारी पौर्णिमेचा सत्यनारायण झाला होता. मी मनात वार मोजले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चतुर्थी.

मला आधी ते खरं वाटेना. संकष्टी? बाबा? याच काकूंनी महिन्यापूर्वी आमच्या दिवाणखान्यात बसून विचारलं होतं, "काय हो मास्तर, आमच्या कॅलेंडरात चंद्रोदय तिकडचा छापलेला असतो. मग इथे उपास सोडायचा कुठल्या चंद्राला, इथल्या की तिथल्या?" बाबांना असं गिऱ्हाईक म्हणजे पर्वणीच. पृथ्वी कशी फिरते, चंद्र कुठे केव्हा दिसतो, सगळं त्यांनी टेबलावरचं संत्रं आणि लिंबू घेऊन काकूंना शिकवलं आणि वर निकाल दिला, "इथे राहता ना? इथलं पाणी पिता ना? मग इथला चंद्र. तिथला तिथल्यांचा." काकू खूश होऊन गेल्या. आम्ही हसलो. तो प्रश्न त्यांनाही पडला असेल असं कुणाच्या मनात येणार?

आईचा उपास होता तो. आई गेली आणि उपास यांनी उचलला होता. जन्मभर ज्याची टर उडवली ते व्रत, म्हणून चोरून. आणि गोळी? गोळी म्हणजे काही अन्न नव्हे. ती घेतल्यानं उपास मोडत नाही. लेकीनं हातावर ठेवली, तर नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर कारण सांगावं लागेल. असला हिशेब आमच्याच घरात होऊ शकतो.

आणि संकष्टीला आई देवळात जायची. न चुकता. दर्शन घेतल्याशिवाय तिचा उपास पुरा होत नसे. या गावात गणपतीचं देऊळ कुठलं? पण कालपासून त्यांच्या डोळ्यांत एक देवी भरली होती, दिवा लावलेली.

मी गोदामांच्या फटीतून वर आले आणि टेकडीकडे धावत सुटले. ओल्या साडीचा काठ पायांत अडकत होता, तो मी सरळ कमरेला खोचला. दगडी जिन्यावर माझा श्वास पुरेना. मध्यावर ते परसाचं लाकडी फाटक आलं, आणि फाटकाबाहेर बाबांचे बूट दिसले. शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून, मोजे आत खोवलेले. सांगलीत आईला देवळात पोचवायचे तेव्हा हे बाहेर बूट घालूनच उभे राहायचे, पायरीसुद्धा चढायचे नाहीत. ते बूट बघून मला जे वाटलं ते मी त्या क्षणी बाजूला सारलं. फाटक ढकललं.

अंजिराच्या झाडाखाली एका खुर्चीत ते बसले होते. चेहरा पांढराफटक, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी त्यांच्यासमोर दुधाचा कप धरून वाकली होती आणि ते तोंड घट्ट मिटून मान फिरवत होते. मला बघताच ती मोडक्या इंग्रजीत घाईघाईनं सांगायला लागली. हा माणूस अनवाणी आत आला, आमच्या मादोन्नापुढे, मेरीपुढे, हात जोडून उभा राहिला, मग खाली बसला तो उठेचना. मी पाणी दिलं, ब्रेड दिला, दूध दिलं, काही घेत नाही. सारखा वर बोट दाखवतो आणि एकच काहीतरी बोलतो. देवाला बोलावतोय का? म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. माझ्या जावयाला हाक मारलीय, येईल तो, ती म्हणाली.

"अँब्युलन्स. आत्ताच्या आत्ता फोन करा," मी म्हटलं. ती आत पळाली. तोवर मी बाबांचं मनगट धरलं होतं. हात बर्फासारखा गार. नाडी धावत होती. मी सगळ्या पुड्या फाडून त्या दुधात रिकाम्या केल्या, बोटानंच ढवळल्या आणि कप त्यांच्या ओठांना लावला.

"बाबा, प्या."

त्यांनी दात आवळले. माझा हात इतक्या जोरात झटकला की निम्मं दूध माझ्या साडीवर सांडलं. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. साखर उतरली की माणूस असा होतो हे मला ठाऊक होतं, तरी मला ते लागलं.

"बाबा, मी आहे. प्या. ऐका माझं."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दिसतोय का?" जीभ जड झाली होती. बोट वर, अंजिराच्या पानांतून आभाळाकडे. "दिसतोय का ग?"

आभाळात लख्ख दुपार होती. गोळीचा अंमल चालूच होता, आणि अँब्युलन्स तो जिना चढून कधी येणार ते तिलाच माहीत. दूध जबरदस्तीनं ओतावं तर ते श्वासनलिकेत जायचं. दातखिळी बसली तर मग माझ्या हातात काहीच उरणार नव्हतं. त्यांनी स्वतः तोंड उघडायला हवं होतं, आणि लवकर.

"दिसतोय, बाबा."

त्यांनी मान हलवली. नाही. बेशुद्धीच्या काठावरसुद्धा मास्तर मास्तरच. "इथला... इथला नाही उगवला."

आणि मग मला ते सुचलं. कसं सुचलं, देव जाणे. मी त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, आणि वर्गात मुलाला समजावतात तसं एकेक शब्द तोडून बोलले.

"बाबा, उपास कुणाचा आहे? आईचा ना?"

त्यांचं आभाळाकडचं बोट खाली आलं.

"आई कुठली? सांगलीची. मग चंद्र कुठला बघायचा? सांगलीचा. तिथे आता रात्र आहे, बाबा. केव्हाच उगवला. आई जेवली. आता तुम्ही घ्या."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी तोंड उघडलं.

एक घोट. थांबून आणखी एक. म्हातारी तोवर आतून मधाची बरणी घेऊन आली होती, तिनं न विचारता बोटभर मध त्यांच्या ओठांच्या आत लावला, लहान मुलाला चाटवतात तसा. मी कप संपवला. ती आणखी एक घेऊन आली, तोही दिला. मी एका हातानं त्यांचं मनगट धरून बसले होते. थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी माझ्याकडे, मग आपल्या अनवाणी पायांकडे, मग म्हातारीकडे पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर सदऱ्याचं वरचं बटण लावलं. तेव्हा मी रडले. म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवत इटालियनमध्ये बोलत राहिली आणि मला ते सगळं समजलं.

अँब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचर घेऊन तो जिना चढायला बराच वेळ घेतला. हॉस्पिटलात त्यांनी बाबांना ग्लुकोजचं सलाइन लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण गोळी पुन्हा साखर उतरवू शकते. नवरा धापा टाकत पोचला तो हातात बाबांचे बूट घेऊन. फाटकाबाहेर मी ते विसरले होते, पोलिसांनी सांगितल्यावरून तो आधी त्या घरी गेला तेव्हा म्हातारीनं त्याच्याकडे दिले. तो माझ्यासाठी कॉफी आणायला गेला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच उरलो. खिडकीत अजून संध्याकाळचं ऊन होतं.

मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण माझा स्वभाव. "गोळी घेऊन उपास! विज्ञानाचे मास्तर तुम्ही!"

"गोळी काय अन्न आहे का?" ते म्हणाले. मग त्यांनाच ते ऐकून कसंतरी झालं असावं.

"मी दूध घेतलं तेव्हा तिकडे किती वाजले असतील?"

"साडेअकरा. रात्रीचे."

त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले. "चतुर्थी. चंद्रोदय नऊच्या पुढे, साडेनऊच्या आत. म्हणजे उगवलेला होता." डोळे उघडून म्हणाले, "बरोबर आहे."

"मी खोटं कशाला बोलेन?"

"मी बोलायचो."

मला काही कळलं नाही. ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते.

"शेवटी शेवटी तिला लांबचं दिसत नव्हतं. मोतीबिंदू. गच्चीत यायची आणि मला विचारायची, 'अहो, दिसतोय का?' मी खुर्चीत बसून सांगायचो, नाही, ढगाआड आहे. उगवलेला असायचा. चांगला वर आलेला असायचा. गंमत म्हणून. बघू किती वेळ थांबते. ती थांबायची. परत येऊन परत विचारायची. एकदासुद्धा तिला शंका आली नाही."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. पाय अजून गार होते. नर्सनं ठेवलेल्या ट्रेमधला ब्रेड मी त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो खाल्ला.

उपास त्यांनी सोडला नाही. सोडा असं सांगायचं धाडस मलाही झालं नाही, आणि मला कुणाला काही सांगायचं धाडस होत नाही असं सहसा घडत नाही. आम्ही एक तह केला. संकष्टीच्या दिवशी गोळी नाही, सकाळी दूध-केळं घ्यायचं, आणि जेवण दुपारी, सांगलीच्या चंद्रावर. परत जाईपर्यंत त्यांनी तो मोडला नाही. दर संकष्टीला दुपारी मी हॉस्पिटलमधून घरी फोन करायची. आमच्या वॉर्डात खिडकी नव्हती, भिंतीवरचा फोन औषधांच्या कपाटाशेजारी होता. पहिल्या रिंगलाच ते उचलत. ताट वाढून बसलेले असत, हे मला माहीत होतं.

"दिसतोय का ग?" ते विचारायचे.

"दिसतोय, बाबा," मी म्हणायची. "चांगला वर आलाय. जेवा."